घरगुती लायसन्सचा रेडिओ

हल्ली टीव्हीवर हॉकीचा सामना शोधणं हे एक कामच होऊन बसलंय. गेल्या वर्षी ज्या चॅनलवर सामने लागायचे, तिथं यंदा दुसरंच काहीतरी चालू असतं. नातू म्हणतो, "आजोबा, त्यांच्याकडचे हक्क गेले." मग तो बटणं दाबत बसतो आणि सापडेपर्यंत आपण एक गोल खाल्लेला असतो. त्याला सांगितलं नाही, पण आपल्या गावात सामना कुठं लागायचा आणि कुठं नाही, हे एके काळी माझ्या एका सहीनं ठरलं होतं. त्या सहीबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं.

बहात्तर साली मी पाथर्डी तालुक्यात तिसगावला पोस्टात होतो. दोन माणसांचं पोस्ट. मी आणि एक पोस्टमन. मी नगरचा, लग्न व्हायचं होतं, खोली भाड्याची. संध्याकाळी जायला एकच ठिकाण होतं, ते म्हणजे बाजारपेठेतलं चाचांचं हॉटेल. चाचा पन्नाशीचे होते. तरुणपणी नगरला लष्कराच्या कॅम्पात भटारखान्यात कामाला होते. जवानांचे हॉकीचे सामने बघून बघून त्यांना त्या खेळाचं वेड लागलं होतं. त्यांच्याकडे लाकडी पेटीचा मोठा रेडिओ होता. सामना असला की तो घरून उचलून हॉटेलात आणायचे, भजी तळायच्या कढईपासून लांब फळीवर ठेवायचे आणि वरचं भरतकामाचं फडकं घडी करून खिशात घालायचे.

गावात हॉकी कळणारे मोजकेच. त्यांतले म्होरके म्हणजे पलटणीतून निवृत्त झालेले हवालदार. ते स्वतः पलटणीच्या संघातून खेळले होते. हिंदी कॉमेंट्री चालू असताना ते मध्येच बोटानं टेबलावर मैदान काढायचे आणि बाकीच्यांना सांगायचे, "हितनं पास द्यायला पायजे हुता. ह्यो गडी एकटाच पळतोय." त्यांच्यामुळं शेतकरी माणसंही ऐकायला बसू लागली. पावसानं त्या साली पाठ फिरवली होती. पिकं उभ्या उभ्या वाळत होती, रानात करण्यासारखं काही उरलं नव्हतं. लोक दिवसभर खडी फोडायच्या कामावर जायचे आणि संध्याकाळी हॉटेलच्या बाकड्यांवर येऊन बसायचे. कुठंतरी आपलं काही बरं चाललंय, एवढंच त्यांना ऐकायचं होतं.

आणि तेच ऐकायला मिळत नव्हतं. ऑलिम्पिक चालू होतं. सोनं आपल्याकडे परत येणार असं सगळे धरून चालले होते. पण पोलंडशी बरोबरी झाली तेव्हाच हवालदारांचं तोंड उतरलं. पेनल्टी कॉर्नर मिळायचा आणि वाया जायचा. पुन्हा मिळायचा, पुन्हा वाया. "ह्यांनी कॉर्नर मारायचा सराव केलाय का न्हाई कुणास ठाऊक," असं ते रोज म्हणायचे आणि चाचा आतून ओरडून साथ द्यायचे, "केला न्हाई म्हंजे न्हाईच."

उपांत्य सामना पाकिस्तानशी आला. बांगलादेशच्या लढाईला वर्षही झालं नव्हतं. त्या संध्याकाळी हॉटेलात उभं राहायला जागा नव्हती. मी फळीजवळ, रेडिओच्या अगदी खाली बसलो होतो. चाचांनी चहा द्यायचं बंद केलं होतं. ते हातात ओलं फडकं घेऊन नुसते उभे होते.

आपण एक गोल खाल्ला. मग आपल्याला कॉर्नर मिळू लागले. प्रत्येक कॉर्नरला सगळे श्वास रोखून धरायचे आणि प्रत्येक वेळी कॉमेंटेटरचा चढलेला आवाज खाली यायचा. दुसरा गोल झाला तेव्हा कुणीतरी बाकड्यावरून उठून बाहेर निघून गेलं. आपण हरलो.

मग चाचांनी फडक्यानं हात पुसले आणि म्हणाले, "त्ये चांगले खेळले. आपल्यांनी कॉर्नर घालवले."

हवालदार रोज जे म्हणायचे तेच हे वाक्य होतं. पण त्या क्षणी ते चाचांच्या तोंडून आलं आणि माझ्या डोक्यात काहीतरी सटकलं. मी म्हणालो, "तुम्हाला बरंच वाटलं असेल."

चाचांनी वळून पाहिलं. "काय म्हनाला, पोस्टमास्तर?"

मला शब्द गिळता आले असते. मी ते आणखी स्पष्ट केले. "तुमचेच जिंकले ना, चाचा."

फळीवरचा रेडिओ अजून बोलत होता. चाचांनी हात वर करून तो बंद केला. खिशातलं भरतकामाचं फडकं काढून त्यांनी रेडिओवर घातलं. मग हळू आवाजात म्हणाले, "उठा आता. हॉटेल बंद."

वीसएक माणसं होती. कुणीही मला काही बोललं नाही. कुणी चाचांनाही काही बोललं नाही. सगळे खाली मान घालून बाहेर पडले. त्यांत हवालदारही होते.

दुसऱ्या दिवसापासून हॉटेलात रेडिओ नव्हता. चहा मिळायचा, भजी मिळायची. मी गेलो की चाचा कप माझ्यापुढे ठेवायचे आणि आत जायचे. मला शरम वाटत होती. पण माफी मागायची तर चारचौघांत मागायला हवी होती, कारण बोललोही चारचौघांत होतो. तेवढं धैर्य माझ्यात नव्हतं. आणि शरम फार दिवस तशीच ठेवली की तिचा राग होतो, हे मी तेव्हा शिकलो. आठवडाभरात मला वाटू लागलं की चाचांनी उगाच वाढवलं, एका वाक्यासाठी गावाची करमणूक बंद केली.

त्या काळात रेडिओला लायसन्स लागायचं आणि ते पोस्टात मिळायचं. घरच्या रेडिओचं वेगळं, हॉटेल-दुकानात लावायच्या रेडिओचं वेगळं. चाचांचं लायसन्स घरगुती होतं. हे मला दोन वर्षं ठाऊक होतं आणि दोन वर्षं मी त्याच रेडिओखाली बसून चहा पीत होतो. महिनाअखेर लायसन्सची पुस्तकं चाळताना त्यांचं नाव आलं. मी छापील फॉर्म घेतला आणि नोटीस लिहिली. घरगुती परवान्यावरील रेडिओ धंद्याच्या जागी लावल्याचे आढळले, तरी खुलासा करावा. खाली सही केली आणि पोस्टमनकडे दिली. त्यानं पत्ता वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि ती पिशवीत टाकली.

दुपारी चाचा स्वतः आले. खिडकीच्या फळीवर त्यांनी लायसन्सचं पुस्तक ठेवलं.

"रेडिओ घरी हाय आता," ते म्हणाले. "लायसन बी घरचंच हाय. बगून घ्या. मानूस पाठवून घरी बगायचं असंल तर तसं करा."

"तशी गरज नाही," मी म्हणालो.

"मंग शिक्का मारा."

मी शिक्का मारला. पुस्तक उचलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

हवालदारांना हे कळायला संध्याकाळ लागली नाही. ते माझ्या खोलीवर आले आणि दारातच उभे राहिले. "पोस्टमास्तर, कॉर्नर त्या अकरा जनांनी घालवले. चाचानं न्हाई," ते म्हणाले. मी म्हणालो, "त्या दिवशी तुम्ही का नाही बोललात?" "त्येच मला डाचतंय," एवढं बोलून ते गेले.

पुढचं वर्षभर गावात सामना ऐकायचं ठिकाण ग्रामपंचायत हे झालं. पंचायतीला सरकारी रेडिओ होता आणि बाहेर खांबावर कर्णा. हवालदारांनी सरपंचांकडून परवानगी काढली. सरपंचांनी एकच अट घातली. शेतीच्या कार्यक्रमाची वेळ झाली की सामना बंद. हवालदारांनी मान्य केलं. त्र्याहत्तरच्या पावसाळ्यात पाऊस बरा झाला होता. बाजरी चांगली आली होती, पण नव्या संकरित बाजरीवर गोसावी रोग पडला होता. कणसाच्या जागी नुसता पाला फुटत होता. त्यामुळं संध्याकाळी पंचायतीसमोर शेतकऱ्यांची गर्दी असायची. आमचे हॉकीवाले त्या गर्दीत दहा-बारा.

त्या साली विश्वचषकात आपण अंतिम फेरीत पोचलो. समोर हॉलंड, त्यांच्याच देशात. सुरुवातीच्या काही मिनिटांतच आपण दोन गोल केले. तेही पेनल्टी कॉर्नरवर. आमच्यातल्या एकानं टोपी उडवली. हवालदार मात्र म्हणाले, "लई लवकर झाले."

त्यांचं खरं झालं. हॉलंडनं एक फेडला, मग दुसरा. वेळ संपली तेव्हा बरोबरी होती. जादा वेळ सुरू झाला. आता जो पहिला गोल करील तो जिंकणार, असं कॉमेंटेटर सांगत होता आणि तेवढ्यात पंचायतीच्या शिपायानं काटा फिरवला. कर्ण्यातून सनई वाजू लागली. शेतीचा कार्यक्रम.

"दहा मिंटं, सरपंच," हवालदार म्हणाले. मी त्यांना कुणाची अशी विनवणी करताना कधी पाहिलं नव्हतं.

"हवालदार, कबूल केलं हुतं तुमी," सरपंच म्हणाले. मागून एक म्हातारा शेतकरी बोलला, "आमाला गोसाव्याचं आयकायचंय. माजी तीन एकर गेली."

हवालदार एकदम चालू लागले. कुठं चाललेत हे मला विचारावं लागलं नाही. मी त्यांच्या मागं निघालो. मी जवळजवळ धावत होतो.

चाचांचं घर हॉटेलच्या मागच्या गल्लीत होतं. खिडकी उघडी होती आणि आतून कॉमेंट्री ऐकू येत होती. हवालदारांनी कडी वाजवली. चाचा बाहेर आले.

"पंचायतीनं बंद केलं," हवालदार म्हणाले.

चाचांनी त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्यातच थांबलो होतो. "ह्ये बी आयकायला आलेत?" त्यांनी विचारलं.

मी पुढं झालो. "चाचा, मी चुकलो. त्या दिवशी बोललो तेही आणि नोटीस पाठवली तेही."

आत आवाज एकाएकी चढला. आपल्याला पेनल्टी स्ट्रोक मिळाला होता. एकटा खेळाडू, समोर एकटा गोलकीपर. हा गेला की विश्वचषक आपला.

चाचांनी हात वर केला. "आता न्हाई. आता स्ट्रोक हाय. गप उबं ऱ्हावा."

आम्ही तिघं उंबऱ्यापाशी उभे राहिलो. चाचा आत, हवालदार उंबऱ्यावर, मी पायरीवर. आत चाची भिंतीशी बसून तांदूळ निवडत होत्या, त्यांचाही हात थांबला. शिट्टी ऐकू आली. मग कॉमेंटेटर क्षणभर काहीच बोलला नाही, आणि त्यावरूनच आम्हाला कळलं.

"घालवला," चाचा म्हणाले.

त्यानंतर दोन्ही संघांचे आळीपाळीनं स्ट्रोक झाले आणि आपण हरलो. हवालदार पायरीवर खाली बसले. चाचांनी आत जाऊन रेडिओ बंद केला आणि परत आले. दोघं काही वेळ संघाला शिव्या घालत राहिले. दोन गोलांनी पुढं असताना संघ मागं का सरकला, स्ट्रोक मारायला दुसरा का नाही पाठवला.

मग चाचांनी दार मागं ओढून घेतलं आणि आवाज खाली आणला. "पोस्टमास्तर, तुमी त्या दिशी बोलला त्ये मी घरात सांगितलं न्हाई. साल झालं. रेडिओ हाटेलात का न्हेत न्हाई म्हनून ती इचारती. हाटेलात धुरानं खराब हुतो, आसं सांगितलं. तिला वाटतं, गावात समदी आपलीच हायेत. तिचं तसंच ऱ्हाऊ दे."

मी मान हलवली.

"तुमी माफी मागितली, ती आयकली म्या," ते म्हणाले. "पन हाटेलात रेडिओ यायचा न्हाई."

आणि तो आला नाही. दिवाळीच्या आत मी हॉटेलच्या लायसन्सचा फॉर्म स्वतः भरून त्यांच्याकडे नेला होता. फक्त सही करायची होती. त्यांनी तो घडी करून गल्ल्याखाली ठेवला, "बगू" म्हणाले. तिथंच तो राहिला. हवालदार आणि आणखी दोघंतिघं सामने ऐकायला त्यांच्या घरी जाऊ लागले. मला कुणी येऊ नका म्हणालं नाही, पण मी गेलो नाही.

पुढं माझी बदली कोल्हारला झाली. आपण विश्वचषक जिंकलो तो सामना मी तिथं ऐकला, पोस्टातल्या सहकाऱ्यांबरोबर. अंतिम सामना पाकिस्तानशीच होता. सगळे नाचत होते. मी बाहेर येऊन प्रवरेच्या पुलापर्यंत चालत गेलो आणि उशिरानं परत आलो.

रेडिओचं लायसन्स बंद होऊन बरीच वर्षं झाल्यावर कामानिमित्त शेवगावला गेलो होतो. परत येताना तिसगावला उतरलो. हॉटेल चाचांचा पुतण्या चालवत होता. चाचा बाहेर खुर्चीवर बसले होते. डोळ्यांनी फार दिसत नव्हतं. "कोन?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते शेजारच्या बाकड्यावर हात आपटून म्हणाले, "बसा."

तासभर आम्ही हॉकीवर बोललो. म्हणजे तेच बोलले. नव्या पोरांना बचाव येत नाही, गवत जाऊन ते हिरवं प्लॅस्टिक आलं तिथंच आपला खेळ गेला, आणि कॉर्नर अजूनही वाया जातातच. जुन्या गोष्टीचा त्यांनी उल्लेख केला नाही. ते विसरले होते, की त्यांना बोलायचं नव्हतं, मला कळलं नाही. विचारायचा मला अधिकार नव्हता.

नगरची एस.टी. लागली तसा मी उठलो.

"बसा की," ते म्हणाले. "पुढची हाय अर्ध्या तासानं."

मी बसलो.