बारा वेळा घोटी

नाशिकच्या आमच्या शाळेत इंटरनेट आलं, तेव्हा ते सांभाळायला दिलं चित्रकलेच्या सरांकडे. तीन आठवड्यांचा कोर्स करून ते संगणकाचे सर झाले होते. व्हायरस चपलांतून आत येतो, अशी त्यांची ठाम समजूत होती. त्यामुळे सगळा वर्ग मोज्यांवर बसायचा आणि खोलीला त्याचा वास यायचा.

मग कोणीतरी गाणी ऐकताना सापडलं आणि सरांनी बंदी घालणारं सॉफ्टवेअर बसवलं. नको ते शब्द त्यांनी स्वतः त्यात भरले, आमच्यासमोर, एका बोटाने, एकेक अक्षर मोठ्याने म्हणत. लव्ह. चॅट. हॉट. इतकं मन लावून त्यांनी आम्हाला कधी काही शिकवलं नव्हतं.

आठवड्याभरात आम्ही पळवाट शोधली. मधे एक तिसरीच साइट घ्यायची आणि हवं ते पान तिच्याकडून मागवायचं. सरांच्या यंत्राला पत्ताच लागत नसे. याला प्रॉक्सी म्हणतात. हा शब्द सरांच्या कानावर गेला, तेव्हा त्यांना वाटलं आम्ही एकमेकांची हजेरी लावतो. ते तासाला दोनदा हजेरी घ्यायला लागले! मी तेव्हा नववीत होते. रोज निवांत मेल वाचायचे आणि सरांच्या नोंदीत वर्गातली सगळ्यात सोज्वळ मुलगी ठरायचे.

अडकली ती माझ्या शेजारच्या संगणकावरची. ती घोटीची, वडील तिथे भाताच्या गिरणीत कामाला. नाशकातच, द्वारकेला मामाकडे राहून शिकत होती. शाळेतून एक जरी तक्रार आली तरी घरी नेईन, असं वडिलांनी पाठवतानाच बजावलं होतं.

भूगोलाच्या प्रकल्पासाठी तिला गावातल्या गिरण्यांची माहिती हवी होती. तिने इंग्रजीत घोटी टाइप केलं. पडदा लाल झाला. स्पेलिंग चुकलं असेल म्हणून तिने पुन्हा टाइप केलं. असं बारा वेळा. जी, एच, ओ, टी, आय. पहिलं आणि शेवटचं अक्षर झाकलं की मधे हॉट उरतो. त्या मठ्ठ सॉफ्टवेअरने तेवढाच पकडला आणि नोंदीच्या कागदावर बारा वेळा छापला.

"सर, मी फक्त गावाचं नाव टाकलं," ती रडत म्हणाली.

"गावाच्या नावात कधी घाण असते का?" सर म्हणाले. स्वतःच्या या मुद्द्यावर ते फार खूश दिसले. एकदा तिला समोर बसवून तेच नाव टाइप करायला सांगावं, एवढंही त्यांना सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी वडील आले. हातात टोपी घेऊन उभेच राहिले.

"काय पाह्यलं सर तिनं?"

"ते तोंडाने सांगण्यासारखं नाही." मग सर माझ्याकडे वळले. "तू शेजारी बसतेस. काय बघत होती ही?"

मला सगळं माहीत होतं. मला स्वतःलाच 'फोटो' शोधताना त्या यंत्राने अडवलं होतं, तेव्हाच त्याची खोड कळली होती. पण सांगायचं म्हणजे तिच्या वडिलांसमोर तो शब्द उच्चारायचा, आणि मग 'तुला गं हे कसं कळलं' पासून माझ्या प्रॉक्सीपर्यंत सर पोचले असते. खरं तर ते सात जन्मांत पोचले नसते. पण तेव्हा मी घाबरले.

"माझं लक्ष नव्हतं, सर."

"लय झालं शिक्षान," वडील तिला म्हणाले. "दप्तर घे."

मी तिच्या वह्या गोळा करायला गेले. तेवढंच पुण्य. तिने माझा हात धरला आणि हळूच विचारलं, "खरं सांग, मी काय पाह्यलं गं?"

सरांची टिंगल मी पुढे कितीतरी वर्षं केली, लोकांना पोट धरून हसवलं. या किश्श्यातला एवढा भाग मात्र कधी सांगितला नाही. तिला वाटत होतं, आपण खरंच काहीतरी पाहिलंय.

मी म्हटलं, "मला काय माहीत."