'ढेकूळ'चा शेवटचा अंक

वऱ्हाडाची बस धुळ्याहून सुरतेला निघाली तेव्हा माझा धाकटा भाऊ दिनू रडत नव्हता. त्याने खिडकीतून प्रुफं आत सरकवली आणि म्हणाला, "अक्का, साक्रीले मामा उतरी, त्यानाजोडे परत धाड." शेजारी सासूबाई. मी शालूवर प्रुफं पसरली आणि खड्ड्यांतून उडणाऱ्या बसमध्ये नवकवींच्या वेलांट्या नीट करत बसले.

'ढेकूळ' हे आमचं अनियतकालिक. ज्यांचं कुणी छापत नव्हतं अशांच्या कथा-कविता आम्ही छापायचो. आई म्हणायची, "इतलं शिकीसन नाव काय ठेवं, ढेकूय!" संपादक मी, कुसुम पाटील, बाकी सगळं दिनू. प्रेसवाल्याला लग्नपत्रिकांमधून फुरसत मिळाली की अंक निघायचा. त्या वर्षी तर माझ्याच पत्रिकेने तो अडवला होता.

सुरतेला तांदळाच्या ताटात अंगठीने 'अमिता' लिहिलं आणि कुसुम संपली. नाव वाईट नव्हतं, पण हाक ऐकून वळायला मला वेळ लागायचा. सासूबाई म्हणायच्या, हिला कमी ऐकू येतं का? सोसायटीत 'केम छो', भाजीवाल्याशी हिंदी, घरात अर्धीमुर्धी खान्देशी. गाव सोडलेल्या तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, माणूस यातही रुळतो. मीही रुळले. पण दर अंकाची प्रुफं पोस्टाने यायची, पहिल्या पानावर 'संपादक : कुसुम पाटील'. त्या ओळीत कधी चूक नसायची, तरी ती मी आधी तपासायचे.

पुढे दिनू जळगावला पाइपच्या कारखान्यात लागला. शिफ्टची नोकरी, पोरंबाळं. एकदा सुरतेला आला तो पार चिपाड होऊन. "अक्का, आते व्हत नही," एवढंच म्हणाला. मीही थकलेच होते, हुज्जत घातली नाही. राहिलेलं टपाल माझ्या हवाली करून तो गेला.

त्यात साक्रीकडच्या एका मुलीची कथा होती. फार चांगली. सोबत चिठ्ठी : "कुसुमताई, माझं लग्न ठरलंय. तिकडे नाव बदलणार आहेत. कथेखाली कुठलं घालू?"

मला राग आला. तिचा नाही, कुणाचा ते आजही नीट सांगता येत नाही. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून मी दिनूच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. एक अंक अजून काढू, म्हटलं, तिच्या लग्नाआधी. पलीकडून दिनू म्हणाला, "बरं, अक्का."

अंक निघाला, चोपडीएवढा पातळ. तिची कथा पहिली, तिच्या स्वतःच्या नावाने. त्यानंतर 'ढेकूळ' निघालं नाही.

आता आई नाही, धुळ्याचं घरही विकलं. तिकडे उरलेलेसुद्धा मला अमिताच म्हणतात. ती मुलगी कुठे असते, तिला काय म्हणून हाक मारतात, मला माहीत नाही. माहेर म्हणून दाखवायला माझ्याकडे तेवढीच पानं आहेत. तिथे ती आणि मी, दोघी अजून आपापल्या नावाने राहतो.