शेपटीतली जागा

सकाळी धुकं एवढं दाट होतं की गोदामाचं कुलूप मावशीनं हातानं चाचपूनच शोधलं. आत शिरल्याबरोबर तिनं पहिलं काम हाती घेतलं ते खुर्च्या बाहेर काढायचं. घडीच्या लोखंडी खुर्च्या. या बगलेत दोन, त्या बगलेत दोन, अशा मागच्या खोलीत नेऊन भिंतीला टेकवायच्या. पन्नाशी उलटलेली, कंबर कुरकुरणारी, पण हे काम ती दुसऱ्याला सांगत नसे. खुर्ची दिसली की माणूस बसतो, बसला की मोबाइलमध्ये तोंड खुपसतो. आणि आज तिला पोरं उभी हवी होती.

मालिकांसाठी नट निवडून द्यायचे, हा मावशीचा धंदा. हिरोपासून दिवेवाल्यापर्यंत सगळ्यांची ती मावशी. तिच्याकडे वशिला चालत नाही, हे या धंद्यात लहान पोरालाही माहीत. एका निर्मात्याच्या मेहुण्याला तिनं दारातूनच चहा पाजून परत पाठवलं होतं, तेही अशा गोड शब्दांत की तो बिचारा आभार मानून गेला.

या खेपेची मालिका होती दुसऱ्या महायुद्धातल्या एका बॉम्बर विमानाची. त्यातल्या सात जणांची. असले सिनेमे मावशीनं पुष्कळ पाहिले होते. चाळिशीतले, पोट सुटलेले नट विशीतल्या पोरांचे कपडे घालून विमानात चढतात. “शाळेच्या संमेलनात पोरांऐवजी पालकच नाचावेत, तसं दिसतं,” असं ती म्हणायची. काम घेतल्यावर ती एका म्हाताऱ्याला भेटून आली. तो असल्याच विमानातून नकाशा बघून वाट दाखवायचा. आता नव्वदीपुढचा, ऐकू कमी, पण डोकं तल्लख. तो म्हणाला, “आमच्यातला सगळ्यात थोरला बावीसचा. त्याला आम्ही आजोबा म्हणायचो. आणि आम्हाला कुणी निवडलं नाही, बाई. एका मोठ्या शेडमध्ये सोडलं आणि सांगितलं, आपापली माणसं आपणच शोधा.”

मावशीनं तेच करायचं ठरवलं.

“संवाद वाचून घ्यायचे नाहीत?” दिग्दर्शकानं विचारलं. तो तिच्यापेक्षा वयानं लहान, हुशार, पण आज जरा धास्तावलेला.

“नाहीत.”

“मग हिरो कोण, ते कळणार कसं?”

“विमानात हिरो नसतो रे बाबा. एक चालवणारा, एक वाट दाखवणारा, बाकीचे जीव मुठीत धरून बसलेले. तू कॅमेरा कोपऱ्यात लाव आणि चहा पी.”

अठ्ठावीस पोरं बोलावली होती. चार टोळ्या होतील, त्यांतली एक ठेवायची. दारात उभी राहून मावशी एकेकाच्या खांद्यावर हात ठेवून आत सोडत होती. शेवटचा आत गेला, आणि मागोमाग धुक्यातून आणखी एक आला. गळ्यात मफलर, थंडीनं लाल झालेले कान.

“मावशी, दार लावू का? वारा येतोय.”

स्वतःच्या आईला मावशी म्हणत होता.

धाकटा एकवीसचा. दिवसा फ्रीज दुरुस्तीच्या दुकानात, संध्याकाळी नाटकाच्या तालमीत. घरी जेवताना रोजचं एकच टुमणं. “जगाची लग्नं जमवतेस, आणि घरचा तसाच.” तिचंही उत्तर ठरलेलं. “तुला घेतलं तर लोक म्हणतील, आईनं पदराखाली घातला. मग तुझ्या कामालाही किंमत नाही आणि माझ्या निवडीलाही.” त्याला ते पटायचं नाही.

आता त्याला बाहेर काढायचं तर सगळ्यांसमोर. मावशीनं दार लावलं.

“सात-सात जणांची टोळी करा,” ती आत येऊन म्हणाली. “कोण चालवणार, कोण कुठे बसणार, तुमचं तुम्ही बघा. मी मध्ये पडणार नाही. एकदा जमली की जमली.”

मग ती जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली. एक देखणा पोरगा पट्ट्यात अंगठे खोचून कप्तानासारखा फिरू लागला. त्याच्या वाऱ्यालाही कुणी उभं राहीना. शेवटी कप्तानपद सोडलं, तेव्हा कुठे एका टोळीत शिरकाव झाला. धाकटा चहाच्या टेबलापाशी.

“मला उंचीची भीती वाटते,” तो कुणाला तरी सांगत होता. “स्टुलावर चढलो तरी देव आठवतो. मला शेपटीत बसवा, मागे तोंड करून, बंदूक घेऊन. कुठे चाललोय ते दिसायलाच नको.”

“ये आमच्यात,” एक आडव्या बांध्याचा पोरगा म्हणाला. “आमच्यात एक रडका हवाच होता.”

तासाभरात चार टोळ्या जमल्या. आणि एकजण उरला. किडकिडीत, खांबापाशी, खिशात हात घालून, आपल्याला काही पडलेलं नाही असा चेहरा करून. अठ्ठावीसच असते तर कुणी उरलंच नसतं.

दिग्दर्शक पायरीवर तिच्या शेजारी येऊन कानाशी लागला. “मावशी, ती चहाजवळची टोळी. बाकी बघायलाच नको.”

“त्यातला शेपटीवाला माझा मुलगा आहे.”

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. मावशी उठून मधोमध गेली.

“मी अठ्ठावीस बोलावले होते. एकोणतिसावा आगंतुक, आणि तो माझा मुलगा आहे. त्याच्यापायी एकजण एकटा पडलाय.” मग धाकट्याकडे वळून, “ताकाला आलास आणि भांडं लपवलंस. बाहेर ये.”

धाकट्यानं मान खाली घातली आणि निघाला. आडव्यानं त्याचा मफलर मागून धरला.

“थांब रे. मावशी, तुमचा असेल. आम्ही काय तुमच्याकडे बघून घेतला? एकदा जमली की जमली, तुम्हीच म्हणालात.”

“हा गेला तर मी विमान चालवणार नाही,” दुसरा म्हणाला.

“तुला कुठे येतं चालवता?” तिसरा.

सगळे हसले, पण हसता हसता सहाच्या सहा जण धाकट्याच्या पुढे येऊन उभे राहिले होते. त्यांना ते कळलंही नव्हतं. मावशीला कळलं. पदराखाली कुणी घातलं होतं ते आता सगळं गोदाम बघत होतं, आणि तो पदर तिचा नव्हता.

“राहू दे मग. हीच टोळी ठेवू,” ती म्हणाली. आता उरला होता तो खांबापाशीचा किडकिडीत.

“निघतो मी, मावशी,” तो म्हणाला.

“थांब. काय वाटतंय आत्ता?”

“राग येतोय.”

“कुणाचा?”

“सगळ्यांचा. त्या मफलरवाल्याचा जास्त.”

मावशी त्याच्याकडे बघतच राहिली. चौथ्या भागात एक नवा पोरगा मेलेल्याच्या जागी येतो, आणि टोळीतलं कुणी त्याच्याशी बोलत नाही. त्या भूमिकेसाठी तिनं किती नट पाहिले होते. सगळे दुःखी व्हायचे, डोळे भरून आणायचे. रागावला कुणीच नव्हता.

“हा राग सांभाळून ठेव,” ती म्हणाली. “शेपटीवाला तिसऱ्या भागाच्या शेवटी मरतो. चौथ्यापासून ती जागा तुझी. चालेल?”

त्याचे खिशातले हात बाहेर आले. दिग्दर्शक पायरीवरून उठून उभा राहिला होता.

“आणि तू,” तिनं धाकट्याला सांगितलं, “त्याची जागा घेतलीस ना? तिसऱ्या भागात परत करायची.”

“मरायचं पण का, आई?”

“तीन भाग मिळाले. खरी पोरं तेवढीही टिकायची नाहीत.”

दुपारपर्यंत धुकं विरलं आणि गोदाम रिकामं झालं. मावशी मागच्या खोलीतून खुर्च्या आत आणू लागली. धाकटा चार खुर्च्या दोन बगलांत मारून मागून आला.

“बोट चेमटेल, नीट धर,” ती म्हणाली, आणि पुढच्या दोन आणायला वळली.