पांगाऱ्याची फळी

माझ्या धाकट्या भावाला शिरोड्यातच राहायचं होतं. आयुष्याकडे त्याची दुसरी काही मागणी नव्हती, आणि नेमकी हीच आईला मान्य नव्हती. बाबांची होडी उलटली आणि ते परतले नाहीत, तेव्हापासून आईने किनाऱ्याकडे पाठ फिरवली होती. बाजाराला जातानाही समुद्र दिसणारा रस्ता ती टाळायची. मुलाने मुंबईला मामाच्या ऑफिसात चिकटावं, कोरड्या जागी पोट भरावं, एवढंच तिचं म्हणणं.

त्यात ह्याला लाटांवर उभं राहण्याचं वेड लागलं. किनाऱ्यावर बाहेरची मंडळी पर्यटकांना सर्फिंग शिकवायची, त्यांच्यात मिसळून हा शिकला. मग घरीच सर्फिंगच्या फळ्या बनवायच्या, इथल्या मुलांना शिकवायचं आणि इथेच राहायचं, असं त्याच्या मनाने घेतलं. आईसमोर हे बोलायला त्याने अर्धा पावसाळा घालवला. आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पयली एक करून दाखय. माझ्या डोळ्यांदेखत तिच्यार उभो रव. नाय जमला तर गपचूप मामाकडे जायचा."

मला हायसं वाटलं. आई सरळ नाही म्हणाली नव्हती, आणि आमच्या घरात हे पुष्कळ होतं.

पहिली फळी त्याने मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यांची केली. तुकडे चिकटवून, घासून आकार सुरेख दिला. मग वर फासलं ते फायबरच्या होड्या सांधायचं रेझिन. आमच्याकडे जे फुटेल ते त्यानेच सांधतात, थर्माकोलला ते चालत नाही हे कुणाला ठाऊक? बघता बघता फळीला खड्डे पडले आणि आतलं सगळं विरघळून गेलं. "रेझिनाक भूक लागली होती वाटता," मी म्हटलं. तो हसला नाही.

दुसरी पांगाऱ्याची. कुंपणातलं झाड पडलं होतं. लाकूड हलकं, पूर्वी जाळ्यांचे तरंगे त्याचेच करत. मोबाइलवर बघून बघून त्याने पट्ट्या चिकटवल्या, बाबांचा रंधा काढून धार लावली. फळीचं दुसरं टोक धरायला मी. पडवीत भुसा, जेवणात भुसा. आई कुरकुरत झाडायची, पण जाता येता फळीवरून नजर फिरवायची. शेवटी वार्निश चढलं आणि फळी तुळतुळीत झाली. आता राहिलं होतं फक्त मेण. उभं राहायच्या जागी मेण घासलं की ओल्या पायाला पकड मिळते. त्यासाठी त्याने मेणबत्त्या आणून ठेवल्या होत्या. सकाळी घासू म्हणाला.

सकाळी पडवीत गेलो तर तारल्याच्या तेलाचा वास. आई आमच्या आधी उठून जुन्या फडक्याने फळीला तेल चोळत होती. होडी पाण्यात घालायच्या आधी तिला असंच माशाचं तेल देतात. ते मागायला ती आदल्या संध्याकाळी खाली किनाऱ्यालगतच्या खारव्यांच्या घरांत जाऊन आली होती, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. फळीच्या पुढच्या टोकाला हळदकुंकूही लावलं होतं. "तेल दिल्याबिगर लाकूड पाण्यात घालूक नाय," ती म्हणाली. "तुझो बापूस म्हणायचो."

होडीला ते बरोबरच. होडीच्या पाठीवर कुणी उभं राहत नाही. त्यात वार्निशावर तेल मुरत नाही, वरच राहतं, आणि तेलावर मेणही धरत नाही.

मी हळूच म्हटलं, "पुसून काढ रे."

"रवांदे गो," तो म्हणाला. "कितक्या वर्सांनी तिना दर्याच्या वस्तूक हात लायल्यान."

किनाऱ्यावर पोचल्यावर वाळूने तेल घासून काढतो, असं त्याने मला खुणेने सांगितलं. पण आई सगळी वाट त्याच्या शेजारून चालली, आणि ते राहूनच गेलं. पाण्याशी तिने नारळ वाढवला आणि पदर घट्ट धरून उभी राहिली.

तो उभा राहिला. हे मला सांगायलाच हवं, तो खरोखर उभा राहिला, आणि आईच्या तोंडून कसलासा आवाज निघाला. मग पाय सटकला. फळी उलटून तिची कड त्याच्या गुडघ्यावर बसली. किनाऱ्यावर जाळं ओढणाऱ्या रापणीवाल्यांनी त्याला उचलून आणलं. गुडघा आतून फाटला होता. चालता येईल, पण पुन्हा असले खेळ नाहीत, डॉक्टर म्हणाले.

"लाट मोठी होती, आये," खाटेवरून तो म्हणाला. त्या दिवशी लाटा कमरेएवढ्याही नव्हत्या. आईने त्याच्या कपाळावर हात ठेवला.

तो मामाच्या ऑफिसात बसतो आता. फोनवर बरा बोलतो, आणि तो असा बरा बोलला की मला जास्त वाईट वाटतं. राग येतो, पण काढायचा कुणावर?

परवा मी पडवी झाडत होते. फळी भिंतीला टेकून उभी होती. आई जवळ आली, तिच्यावरून हात फिरवत म्हणाली, "माझाच चुकला गो."

कुणी सांगितलं हिला?

"तेलाचो एकच हात दिलंय," ती म्हणाली. "आणखी एक दिलंय असतंय, तर माझो झील हयच रवलो असतो."