शेजारच्या मावशींची हळद

हळद वाळतानाचा वास आला की कराडकडच्या आमच्या गावातल्या, शेजारच्या विधवा मावशी आठवतात. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत त्या शिजवलेली हळद उन्हात पसरून राखत बसायच्या आणि सूर्याशी वडीलधाऱ्याशी बोलावं तसं बोलायच्या, “आवं, जरा तापा की.”

एका दुपारी अवचित वळीव आला. आई तापानं पडून होती. मावशींनी आपली हळद तशीच सोडून आधी आमची गोळा केली. त्यांची भिजून काळी पडली.

“आवं, असं का केलंसा?” आईनं विचारलं.

“तुमच्यात पोरीचं लगीन हाय. मला एकटीला काय लागतंय?”

ताईच्या हळदीला मावशी दाराआडच थांबल्या. आईनं त्यांना हाताला धरून आत आणलं आणि पहिली हळद त्यांनाच लावायला सांगितली. मावशींचा हात ताईच्या गालावर कितीतरी वेळ तसाच राहिला.