पंखांखालची सावली
भिंतीवरच्या फोटोची धूळ पुसताना खर्ड्याजवळच्या माळावरची ती दुपार आठवते. बाभळीवरच्या घरट्यात गरुडाची मादी पंख पसरून बसली होती. मेंढ्या चारणारी एक म्हातारी मला म्हणाली, "दादा, पिलावर सावली धरलीय तिनं. लई ऊन हाय, उठवू नका." मी मान डोलावली. म्हातारी पुढं गेली आणि मला उडतानाचा फोटो हवा म्हणून मी जोरात टाळ्या वाजवल्या. मादी उडाली. फोटोत पिसापिसांतून ऊन उतरलं होतं. आणखी एक मिळेल या हावेनं मी तासभर झाडाखालीच थांबलो. ती वर घिरट्या घालत राहिली. पिलाचं ओरडणं बारीक होत होत थांबलं. आजही पाहुणे त्या पंखांचं कौतुक करतात, तेव्हा मी चहा सांगायला आत जातो.