आमची चाल

बाकीची माणसं कधी येणार, असं आम्हाला जिथं जाऊ तिथं विचारायचे. आमचा ढोलकीवाला, म्हणजे माझा चुलतभाऊ, ढोलकीची दोरी ताणता ताणता सांगायचा, "आलेत की सगळे. एक पेटी, एक बँजो, एक ढोलकी. चौथा तुमचा माईक."

आम्ही तिघंच होतो. पार्टीला नाव नव्हतं. कुणी फळ्यावर खडूनं 'गाण्याचा कार्यक्रम' लिहायचं, कुणी तेही नाही. कार्यक्रम म्हणजे तरी काय, एखाद्या मंगल कार्यालयात जेवणं उरकल्यावर तासभर, वाचनालयाच्या वरच्या खोलीत, चहाच्या हॉटेलमागच्या पत्र्याखाली. बीड जिल्ह्याबाहेर आम्हाला कुणी ओळखत नव्हतं, आणि जिल्ह्यातही फारसं नाही. पण एक सांगतो. माणसं कमी आहेत म्हणून आम्ही कधी हात आखडून वाजवलं नाही.

नांदूरघाटला एकदा अकरा माणसं आली होती. दुसऱ्या गाण्याला लाइट गेली. बँजो लाइटीवरचा, माईकही गेला. मी पेटी मिटायला घेतली तर मागच्या रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "कावून आवरता? आमी काय बहिरे हाओत का?" मग अकराच्या अकरा माणसांनी सतरंजी धरून ओढली आणि आमच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले. बँजो नुसत्या तारांवर वाजला, शेवटपर्यंत. एकही माणूस मधून उठला नाही. त्याचा अभिमान मला आजही आहे आणि तो मी लपवत नाही.

लपवलं ते दुसरंच. मी बोलका माणूस नाही. वर्गात बोलतो तेवढंच. पन्नाशी ओलांडल्यावर आता लिहितो आहे, कारण हे आधी एकदा तोंडानं सांगून झालं आहे, आणि सांगितल्यावर मी मेलो नाही.

बँजोवाला माझा लहानपणापासूनचा दोस्त. बीडमध्ये त्याचं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की ती उघडायची, आतली काळी पडलेली तार काढायची आणि नवी तांब्याची तार वेढ्यावेढ्यानं बसवायची. वेढे मोजून घालावे लागतात. चुकले तर मोटार टिकत नाही. तो मोठ्यानं मोजतो, उर्दूत, आणि आकडा विसरू नये म्हणून सुरात मोजतो. दर दहा वेढ्यांना सूर एक पायरी चढवतो. कुणी मध्येच दुकानात आलं आणि तो कुठल्या सुरावर आहे हे लक्षात राहिलं, की आकडाही लक्षात राहतो.

शाळा सुटल्यावर मी तिथं बसायचो. एका दुपारी तो मोजता मोजता थांबला. हातात तार तशीच. म्हणाला, "मास्तर, हे ऐक बे." आणि आकडे सोडून नुसते सूर म्हणून दाखवले. चढत चढत जायचे, आणि शेवटी वेढा पुरा झाल्यावर तार खटकन ओढावी तसे एकदम वर. मी लगेच पाकिटावर शब्द लिहायला घेतले. बांधावर उभी राहून पाण्याची वाट बघणाऱ्या बाईचं गाणं झालं. त्या नादात त्याचे वेढे चुकले. ती मोटार दोन दिवसांत पुन्हा जळाली आणि मालक टेम्पोत घालून तावातावानं घेऊन आला. दोस्तानं ती दुसऱ्यांदा भरून दिली, आणि का चुकलं ते काही सांगितलं नाही.

म्हणजे शब्द माझे, चाल त्याची. त्यात एकच अडचण होती. शेवटच्या वरच्या सुरापर्यंत माझा आवाज जात नव्हता. मी शेवट खाली वळवला. तो म्हणाला, "तुला जमंल तसं गा." तो नेहमी असंच म्हणायचा.

ते गाणं चाललं. आमची बाकीची गाणी लोक ऐकून घ्यायचे, हे मागून घ्यायचे. माजलगावला साखर कारखान्याच्या माणसांसमोर ते दोनदा म्हणावं लागलं. कार्यक्रम सांगणारा तरुण शिक्षक माईक घेऊन माझ्याकडं आला. "मास्तर, चाल लई भारी हाय. कुणाची?"

मी म्हणालो, "आमचीच हाय."

आमच्याकडं माणूस स्वतःलासुद्धा आमी म्हणतो. आमी जेवलो म्हणजे मी जेवलो. आमची म्हैस म्हणजे माझी. त्या शब्दात तिघंही बसत होतो आणि मी एकटाही बसत होतो. त्यानं मला एकट्याला बसवलं. "मास्तरांची स्वतःची चाल," असं म्हणून त्यानं टाळ्या घेतल्या आणि विचारलं, "सुचली कशी?"

दोस्त तेव्हा माझ्यामागं वाकून प्लग बघत होता. वायर ढिली झाली की ते काम त्याचंच. मी त्याच्याकडं बघितलं नाही. म्हणालो, "शाळंतून येताना, गाडीवर."

पहिल्या उत्तराआड मी पुष्कळ वर्षं लपलो. आपण तर आमची म्हणालो, खोटं कुठं बोललो, असं स्वतःला समजावत राहिलो. पण दुसऱ्या उत्तरात आमी नव्हतो. गाडीवर मी एकटाच होतो.

परत येताना जीपमध्ये दोस्त म्हणाला, "चांगलं बोललास." त्यानं काय ऐकलं होतं ते मी विचारलं नाही.

मग ती चाल मास्तरांची झाली. वरातीत वाजली, पोरांनी मोबाइलमध्ये घेतली, बाजारात अनोळखी माणूस हात जोडून म्हणायचा, हेच ते चालवाले. दोस्त माझ्या शेजारी उभा असला तर तोही हसायचा. त्याची बायको, आमच्या भाभी, चहा देताना एकदा म्हणाल्या, "सर, तुमची चाल हे दिवसभर दुकानात गुणगुणतात. मोटारीचे आकडे पन त्याच्यातच मोजतात." मी कप खाली ठेवला. तेव्हा बोलायचं होतं. मी आणखी साखर मागितली.

या वर्षी पालीला, धरणाजवळच्या एका हॉटेलमालकानं आम्हाला बोलावलं. रविवारी सकाळी, पत्र्याखाली, तीस-चाळीस खुर्च्या. भाभी पहिल्यांदाच ऐकायला आल्या होत्या, पुढच्या रांगेत. दोस्ताची बोटं आता तांब्याच्या तारेनं आखडली आहेत. येताना तो सहज म्हणाला होता, "दिवाळीनंतर बँजो बंद करावं म्हणतो."

ते वाक्य माझ्या पेटीच्या भात्यात अडकून बसलं. तो थांबला असता तर ती चाल माझ्याच नावानं राहिली असती, कायमची.

गाण्याची फर्माईश आली. मी भाता सोडला आणि माईक जवळ घेतला. "ही चाल माझी न्हाई," म्हणालो. "ह्या बँजोवाल्याची हाय. मोटारीचे वेढे मोजताना त्याला सुचलती. मी इतकी वर्षं माझी म्हणून सांगितली. माजलगावात तर गाडीवर सुचली म्हणालो. ते खोटं होतं. ह्या चालीपायी त्याचे वेढे चुकले आन एकाची मोटार जळाली, एवढं मात्र खरं."

मग मागून एक टोपीवाला उभा राहिला. "दोनदा खोलावी लागलेली? पाच एचपीची?"

दोस्तानं मान वर केली. "तुमी व्हय."

"कांदा वाळून गेलता माझा," तो माणूस म्हणाला. "वाजवा आता. बगू तरी कशात गेली मोटार."

लोक हसले. भाभी हसल्या नाहीत. त्या नवऱ्याकडं बघत होत्या, घरातल्या माणसाकडं आपण इतक्या दिवसांत नीट बघितलं नाही की काय, अशा. दोस्त माझ्याकडं झुकून हळूच म्हणाला, "भाता सोडला तवा मला वाटलं वायर निघाली."

"तुला माजलगावचं ऐकू आलतं का?"

"प्लग कानात नव्हता बे," तो म्हणाला, आणि वाजवायला लागला.

मी गायलो. शेवटी सवयीनं चाल खाली वळवायला गेलो तर बँजो खाली आला नाही. आखडलेल्या बोटांनी तो पायरी पायरी चढत होता, दुकानातल्यासारखा. माझा आवाज जिथपर्यंत जातो तिथं मी थांबलो आणि पेटीवरचा हात उचलला. ढोलकीवाल्यानंही थाप थांबवली. पत्र्याखाली दोस्त एकटा राहिला, आणि त्यानं तार खटकन ओढली. चाल जिथं जायची होती तिथं गेली.

कुणीतरी पुन्हा म्हणा म्हणालं. मी माईक उचलून बँजोसमोर ठेवला.